लाल फिल्टर बसवला की ॲव्हरेज वाढते का?

उन्हाळा लागला की आपल्या या पानाकडे येणाऱ्या पत्रांत दोन तक्रारी हमखास असतात, एसी थंड करत नाही आणि गाडी ॲव्हरेज देऊन नाही राहिली. यावेळी चार पत्रं अशी निघाली की चौघांनाही एकच विचारायचं आहे, तो धुवून परत वापरायचा एअर फिल्टर, लाल कपड्याचा, जाळीवाला, तो घ्यायचा की नाही. म्हणून यावेळी दुसरं काही घेतलं नाही.

प्रश्न : दादा नमस्कार. माझी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७४ हजार चालली. आधी १७ द्यायची, आता १४ वर आली. रोज मानेवाड्यावरून मिहानला ड्युटीला जातो. ॲक्सेसरीजच्या दुकानात एकाने लाल परफॉर्मन्स फिल्टर दाखवला, ६ हजार म्हणाला, एकदा घ्या आणि धुवून धुवून जन्मभर वापरा, वरून ॲव्हरेज २ ने वाढेल म्हणून राहिला. घेऊ का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नका घेऊ भाऊ. दुसऱ्या कशासाठी हौस म्हणून घेतला तर तुमचा पैसा, पण ॲव्हरेजसाठी अजिबात नका घेऊ.

दुकानदार जे सांगतो ते ऐकायला पटते हे मी मान्य करतो. कापडी फिल्टर मोकळा असतो, हवा जास्त जाते, इंजिन मोकळा श्वास घेते, मग पेट्रोल कमी लागेल. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. पण तुमच्या गाडीत इंजिनला किती हवा द्यायची हे फिल्टर ठरवतच नाही, ते ठरवतो तुमचा उजवा पाय. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटलची ती गोल पाकळी उघडते, आणि शहरात चालवताना ती बहुतेक वेळ जवळपास बंदच असते. म्हणजे फिल्टरच्या पुढे एक दरवाजा आहे आणि तो तुम्ही स्वतः मुद्दाम अर्ध्याहून जास्त लावून ठेवला आहे, मग त्याच्या आधीची खिडकी थोडी मोठी केली तर काय फरक पडणार?

हे नुसतं बोलून नाही, स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र, लावून पाहता येते. तुमच्यासारख्याच एका गाडीला मागच्या आठवड्यात मी स्कॅनर लावला. इंजिन बंद, चावी ऑन, तेव्हा मॅप सेन्सर, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, ९७ किलोपास्कल दाखवत होता, म्हणजे नागपूरच्या बाहेरच्या हवेचा दाब, आपण समुद्रापासून साधारण ३१० मीटर उंचावर आहो म्हणून १०० च्या थोडं खाली. गाडी सुरू केली, न्यूट्रलला ठेवली, आकडा धाडकन ३३ वर आला. रिंग रोडवर ५० च्या स्पीडने चालवली तेव्हा ४५ च्या आसपास खेळत होता. मग एका मोकळ्या पट्ट्यात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबला, तेव्हा ९५. आता हिशेब पहा. पूर्ण दाबल्यावर फिल्टर, त्याचा डबा, पाइप, सगळ्यांनी मिळून खाल्ले २. आणि रोजच्या चालवण्यात एकटा थ्रॉटल ५० खाऊन राहिला आहे. त्या २ मधले तुम्ही ६ हजार रुपये देऊन अर्धा वाचवला तरी रोजच्या चालवण्यात तो कुठं दिसणार? फिल्टर थोडा मोकळा झाला तर तुम्ही नकळत पाय एक केस वर घ्याल, थोडा चोंदला तर एक केस खाली दाबाल, इंजिनला हवा तेवढीच मिळते. आणि जेवढी हवा तेवढंच पेट्रोल, कारण इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसलेला आहे, तो सारखा ईसीएमला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सांगत असतो की मिश्रण जाड झालं (पेट्रोल जास्त) की पातळ (हवा जास्त), आणि ईसीएम साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवेला १ भाग, या मापावर आणून ठेवते, इथेनॉलवालं पेट्रोल असलं तर माप थोडं बदलते पण काम तेच.

याच्यावर अमेरिकेत नीट मोजमाप झालेलं आहे. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरी, तिथल्या ऊर्जा खात्याची मोठी प्रयोगशाळा, यांनी २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच चालवून मोजायच्या यंत्रावर, लावल्या, त्यात एक २००३ ची टोयोटा कॅमरी पण होती, आणि त्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवून ॲव्हरेज मोजलं. चोंदलेल्या फिल्टरनेही ॲव्हरेजमध्ये दखल घेण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो पिकअपमध्ये, स्वच्छ फिल्टरने वेग घ्यायला ६ ते ११ टक्के कमी वेळ लागला. मला या प्रयोगातली जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अशी की घाण फिल्टर काढून नवीन टाकला तरी जिथं ॲव्हरेज वाढत नाही, तिथं चांगला नवीन कागदी फिल्टर काढून त्याच्यापेक्षा मोकळा टाकला तर कुठून वाढेल?

तरी तुमच्या समाधानासाठी १ टक्का वाढलं असं धरू. महिन्याला १००० किलोमीटर, १६ चं ॲव्हरेज, म्हणजे ६२-६३ लिटर. १ टक्का म्हणजे सव्वासहाशे मिलिलिटर, लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याचे ६५ रुपये. ६ हजार वसूल व्हायला साडेसात वर्षं. त्याच्यात धुवायचं लिक्विड आणि तेलाची बाटली वेगळी विकत घ्यावी लागते ती धरलीच नाही. कागदी फिल्टरचे पैसे वाचतात ते खरं आहे, पण तुमच्या गाडीचा कागदी फिल्टर ३००-४०० रुपयांत येतो आणि काही दर महिन्याला बदलावा लागत नाही.

मग तुमचे ३ किलोमीटर गेले कुठे? हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर मला एका ठिकाणी सापडत नाही, तीन-चार ठिकाणी थोडं थोडं सापडते. पहिलं पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल येते, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं आहे की साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांवर जुळवलेल्या चारचाकीत २० टक्के इथेनॉलने ६ ते ७ टक्के घट येऊ शकते. तुमच्या १७ वर ती एक-सव्वा किलोमीटरपर्यंत जाते. दुसरं एसी, मे महिन्यात ४५ डिग्रीत मानेवाडा ते मिहान कोणी काच खाली करून जाणार नाही, मी पण नाही जात, पण तो खर्च ॲव्हरेजमध्ये दिसतो. तिसरं टायर. हवा प्रत्येक १ पीएसआय कमी असली की साधारण ०.२ टक्के जाते, ऐकायला काहीच नाही पण आपल्याकडे चारही टायरमध्ये ८-१० कमी असलेल्या गाड्या मी रोज पाहतो. त्याच्यानंतर ब्रेक चिकटत आहे का ते पहा, गाडी चालवून आली की चारही रिमजवळ हात न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथं तुमचं पेट्रोल जळून राहिलं आहे. आणि रस्त्याचं काम सुरू असेल तर तिथल्या गर्दीत उभं राहून जे जाते ते कोणता फिल्टर परत आणणार?

एक विनंती, ॲव्हरेज मोजताना मीटरवरचा आकडा पाहू नका. एकच पंप, एकच नोझल, कट होईपर्यंत टाकी, ट्रिप शून्य, आणि असं सलग तीन टाक्या. एका टाकीवरून काही समजत नाही. मी स्वतः माझ्या गाडीत कापडी फिल्टर टाकून पाहिला होता, पहिल्या टाकीला अर्धा किलोमीटर वाढलं, मला आनंद झाला, दुसऱ्या टाकीला तेवढंच खाली आलं. तेव्हा पहिल्या टाकीला मी अमरावतीला जाऊन आलो होतो आणि दुसरी सगळी सीताबर्डी-इतवारीच्या गर्दीत गेली होती.

आता जी गोष्ट तुम्ही विचारली नाही पण मला सांगायचीच आहे. फिल्टर ॲव्हरेजसाठी नसतोच, तो धुळीसाठी असतो. आपल्या गावात धूळ काय कमी आहे? सिमेंट रोडची कामं, बांधकामाची वाळू, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडची राख, उन्हाळ्यातला तो कोरडा वारा. ही धूळ इंजिनात गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासते, सँडपेपर मारल्यासारखी, आणि मग इंजिन ऑइल पिऊ लागते. तुमचं सध्याचं फिल्टर काम करते का हे पाहायचं असेल तर एअर बॉक्स उघडा, फिल्टरच्या पलीकडचा जो पाइप थ्रॉटलकडे जातो त्यात आतून स्वच्छ पांढरा रुमाल फिरवा. रुमाल साफ निघाला पाहिजे. एका गाडीत मी असा रुमाल फिरवला तर राखाडी पट्टा उमटला, बोटांत चोळला तर कचकच लागत होती, आणि त्या गाडीत लाल फिल्टर होता, दीड वर्षात एकदाही तेल न लावलेला. मालक म्हणाला की आयुष्यभराचा आहे म्हणून हात लावला नाही.

चांगला कागद बारीक धूळही जवळपास सगळी अडवतो. कापूस मोकळा असतो म्हणून त्याची भिस्त तेलाच्या चिकटपणावर असते. समजा एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७, तर दोनच टक्क्यांचा फरक वाटतो, पण आत जाणारी धूळ पहा, एकात १ आणि दुसऱ्यात ३, म्हणजे तिप्पट. स्वच्छ हवेच्या देशात चालून जाईल, नागपुरात मी माझ्या गाडीत ठेवला नाही.

प्रश्न : काका, माझ्याकडे २००८ ची १०० सीसी बाइक आहे, कार्बोरेटरवाली. पहिले ६० द्यायची आता ४८ वर आली, प्लग काळा निघतो. मेकॅनिक दर सर्व्हिसिंगला फिल्टर काढून कंप्रेसरने हवा मारून परत बसवतो, म्हणतो मस्त आहे अजून. मित्र म्हणतो गोल कोनवाला मोकळा फिल्टर लाव, डबाच काढून टाक. काय करू?
– एक विद्यार्थी, कामठी

उत्तर : तुझी गोष्ट वरच्या भाऊंपेक्षा वेगळी आहे बेटा, कारण कार्बोरेटरला ना सेन्सर आहे ना ईसीएम. फिल्टर चोंदला की कार्बोरेटरला वाटते कोणी चोक ओढला, हवा कमी आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल ओढलं जाते जास्त, मिश्रण जाड होते, प्लग काळा. त्याच ओक रिजवाल्यांनी एक १९७२ ची कार्बोरेटरची पाँटिॲक पण तपासली होती. अशा जुन्या गाड्यांत नेहमीसारखा घाण झालेला फिल्टर बदलला की २ ते ६ टक्के ॲव्हरेज वाढते, आणि गाडी चालायलाच त्रास देईल इतका चोंदलेला असेल तर १४ टक्क्यांपर्यंत. फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढते ही जी गोष्ट सगळीकडे ऐकायला येते ती या जुन्या गाड्यांच्या काळातली आहे, आणि तेव्हा ती खरी होती. आपल्याकडे एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि नव्या बाइकमध्ये जवळपास सगळीकडे इंजेक्शन आलं, पण बोलणं मात्र जुनंच राहिलं.

पण तुला लाल फिल्टर नाही लागत, तुला नवीन फिल्टर लागतो. कंपनीचा, सीलबंद, शे-दोनशे रुपयांचा. तुझ्या मेकॅनिकची ती कंप्रेसरची सवय मला मनापासून आवडत नाही. पंक्चरच्या दुकानातली ती हवा जवळून कागदावर मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात, फिल्टर दिसायला चकाचक आणि धूळ सरळ आत. बऱ्याच दुचाकींमध्ये तर तेल पाजलेला कागद असतो, हात लावला तर चिकट लागतो, तो हवा मारायचा नसतोच, केरोसीनने धुवायचा तर मुळीच नाही, तो सरळ बदलायचा असतो. तुझा कोणता आहे ते गाडीच्या पुस्तकात पहा, पुस्तक हरवलं असेल तर पार्टच्या दुकानात विचार.

आणि डबा काढून कोन लावायचं तर अजिबात नाही. तो डबा रिकामा डबा नाही, त्याची जागा आणि पाइपाची लांबी जेटच्या मापाशी जुळवलेली आहे. मोकळा कोन लावला की मिश्रण पातळ होते, गाडी फटफट करते, इंजिन जास्त तापते, मग मोठा जेट टाकावा लागतो, आणि मोठा जेट म्हणजे जास्त पेट्रोल. ॲव्हरेजसाठी निघालेला माणूस शेवटी पेट्रोल वाढवून येतो. वरून कोन इंजिनच्या गरम हवेत उघडा बसतो. हवा १० डिग्री जास्त गरम घेतली की ती साधारण ३ टक्के विरळ, ताकद तेवढी गेली, आणि पहिल्या पावसात पाणी.

फिल्टर बदलून तीन टाक्या मोज. तरी प्लग काळाच निघाला तर फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी ठरवणारा तरंगता तुकडा) उंची आणि चोकची केबल पाहून घे, केबल पूर्ण परतत नसेल तर अर्धा चोक कायमचा सुरूच राहतो.

प्रश्न : नमस्कार. आमच्याकडे डिझेल एसयूव्ही आहे, दिराने हौसेने रियूजेबल फिल्टर बसवला होता. दिवाळीत त्यांनीच घरी धुतला, लवकर वाळावा म्हणून हेअर ड्रायर मारला आणि वरून इंजिन ऑइल लावलं. आठ दिवसांनी चेक इंजिनचा लाईट आला, पिकअप पण गेला. हे फिल्टरमुळेच झालं का? ॲव्हरेज तर कधी वाढलंच नाही.
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, आधी तेवढंच तपासा. फिल्टरच्या लगेच पुढे मास एअर फ्लो सेन्सर असतो, त्यात एक गरम तार किंवा पातळ पट्टी असते, हवा तिला किती थंड करते त्यावरून ईसीएम हवा मोजते. फिल्टरला तेल जास्त झालं की त्याचा तवंग उडून त्या तारेवर बसतो, त्यावर धूळ चिकटते, आणि सेन्सर हवा चुकीची सांगतो. माझ्याकडून हे एकदा झालेलं आहे, गिऱ्हाइकाच्या गाडीला मी स्वतः तेल जास्त मारलं होतं आणि दोन दिवस इंजेक्टर तपासत बसलो, सेन्सर काढून पाहिला तर तार तपकिरी. बाजारात त्या सेन्सरसाठीच वेगळा स्प्रे मिळतो, तोच मारायचा, ब्रेक क्लीनर नाही, आणि तारेला बोट किंवा कापूस लावायचा नाही. वाळला की बसवा, स्कॅनरने ईसीएममधला बिघाडाचा कोड मिटवा, बहुतेक गाडी सुधारते. नाही सुधारली तर स्कॅनरवर नीट पाहावं लागेल, डिझेलमध्ये टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पाइप फाटला तरी असंच होते.

पुढे तोच फिल्टर ठेवायचा असेल तर पद्धत नीट पाळा. के अँड एन ही कॅलिफोर्नियाची कंपनी १९६९ पासून हे फिल्टर बनवते, आणि अशा तेलाच्या कापडी फिल्टरची पद्धत सगळीकडे जवळपास तीच आहे. वरची सुटी धूळ हलकेच झटकायची, त्याचंच क्लीनर दोन्ही बाजूंनी मारून दहा मिनिटं ठेवायचं, पण वाळू द्यायचं नाही, मग नळाच्या हळू धारेने आतल्या स्वच्छ बाजूने बाहेर धुवायचं म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. वाळवायचा सावलीत, आपल्या उन्हाळ्यात दुपारभरात वाळतो, ड्रायर नाही, कंप्रेसर नाही. पूर्ण वाळल्यावरच त्याचंच तेल, प्रत्येक घडीच्या माथ्यावर एक बारीक रेघ, वीस मिनिटं थांबायचं आणि जिथं पांढरं राहिलं तिथंच थोडं परत. रंग सगळीकडे सारखा आला की बस. टपकत असेल तर गाडीत टाकायचा नाही. इंजिन ऑइल या कामाचं नाही. ते कापसात धरून राहत नाही.

एवढं करायला घरात कोणी तयार नसेल तर ताई, कागदी बसवा आणि लाल बाजूला ठेवा. ॲव्हरेजचं म्हणाल तर तुमच्या डिझेलमध्ये हवा तशीही गरजेपेक्षा जास्तच असते, वरून टर्बो ती ढकलतो, त्यामुळे मोकळ्या फिल्टरने डिझेल वाचत नाही.

प्रश्न : उमरेडकडे कोळसा खाणीच्या रस्त्यावर माझे दोन टिप्पर चालतात. फिल्टरवर फार खर्च होतो. धुवायचे फिल्टर लावले तर परवडेल का?
– एक टिप्परमालक, उमरेड रोड

उत्तर : कोळशाच्या धुळीत तर नाहीच. तुमच्या टिप्परला दोन फिल्टर असतात, बाहेरचा मोठा आणि आतला छोटा सेफ्टीचा. आतला कधी झटकायचा नाही, धुवायचा नाही. बाहेरचा तारखेवर किंवा अंदाजावर बदलत असाल तर तिथं पैसा वाया जातो, कारण लवकर बदललेला फिल्टर वाया आणि प्रत्येक वेळी डबा उघडला की थोडी धूळ आत पडतेच. डब्यावर किंवा पाइपावर रिस्ट्रिक्शन इंडिकेटर, म्हणजे फिल्टर किती चोंदला ते दाखवणारा, असतो, बहुतेक ठिकाणी ओढ पाण्याच्या २५ इंचांच्या (दाब मोजायचं माप) आसपास गेली की लाल होतो. तो चालू आहे का पहा, नसेल तर नवीन बसवा, आणि तो लाल झाला तरच फिल्टर बदला. डब्याच्या बुडाला रबराचा डस्ट व्हॉल्व्ह असतो, ड्रायव्हरला सांगा रोज सकाळी तो चिमटून धूळ पाडायची, तेवढ्याने फिल्टर जास्त दिवस टिकतो. आणि डब्यापासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप दोन्ही हातांनी वाकवून पहा, खालच्या बाजूला भेग असते ती वरून दिसत नाही, क्लॅम्प ढिला असतो, आणि कोळशाची धूळ बहुतेक वेळा फिल्टरमधून नाही, तिथून शिरते.